लक्ष देणं आणि लक्ष ठेवणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलायला बोलावलं की तो पावसाबद्दल किंवा आईबद्दल बोलणार, असं लोक धरूनच चालतात. मी आज दुकानातल्या चोरीबद्दल बोलणार आहे. चोरी होऊ नये म्हणून दुकान कसं मांडावं, हा माझा विषय. हसू नका. कविता मी रात्री लिहितो, दिवसभर गल्ल्यावर बसतो. १९९१ साली मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी काही लागली नाही, आणि बार्शीच्या पेठेत अब्बांचं जनरल स्टोअर्स होतं त्या गादीवर जाऊन बसलो. तेव्हापासून तिथंच आहे. म्हणजे कवितेपेक्षा या विषयातला माझा अनुभव जास्त आहे.

अब्बांचं दुकान बारा फुटांचा गाळा. रस्त्याकडे तोंड करून आडवा लाकडी काउंटर, वर काच, काचेखाली पिना, बटणं, कंगवे, सुरमेदाण्या. मागं भिंतभर फळ्या, त्यावर साबण, तेल, पावडरी, वह्या. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून मागायचं आणि आम्ही काढून द्यायचो. माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये अब्बा असायचे. चोरी व्हायची ती काउंटरवरच्या बरणीतल्या गोळ्यांची, तीही शाळा सुटल्यावर. अब्बांचा एकच नियम होता. कुणी पायरी चढलं की हातातलं काम टाकून आधी ‘या’ म्हणायचं. मला वाटायचं, ही निव्वळ आदब आहे. त्यात दुसरंही काही होतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

काउंटर फार गुणाचा होता असं मात्र नाही. त्याच्यापलीकडं उभं राहणाऱ्याला वस्तू हातात घेऊन बघता येत नसे, छापील किंमत वाचता येत नसे. बायकांना काही वस्तू मागताना आवाज खाली आणावा लागे, आणि मग मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून देई, जणू दोघांनी मिळून काही गुन्हा केला आहे. आधी कुणाला द्यायचं हेही दुकानदाराच्याच मर्जीवर. कित्येक गावांत दलित गिऱ्हाइकाला पुडी वरून टाकली जायची. काउंटर चोरीपासून वाचवायचा, पण माणसामाणसांतलं अंतरही तो राखून ठेवायचा.

२०१२ साली धाकट्या भावानं मनावर घेतलं. पुण्या-सोलापुरात मोठी दुकानं झाली होती, तिथं गिऱ्हाईक टोपली घेऊन आत फिरतं, हवं ते स्वतः उचलतं. शेजारचा गाळा रिकामा झाला, मधली भिंत पाडली आणि अब्बांचा काउंटर बाहेर काढला. तो काढायला चार माणसं लागली. अब्बा तेव्हा नव्हते, हे एका परीनं बरंच झालं.

आपण उचललेली ही पद्धत कुठून आली, हे मी नंतर वाचलं. अमेरिकेत मेम्फिस नावाच्या शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसानं सप्टेंबर १९१६ मध्ये ‘पिग्ली विग्ली’ या चमत्कारिक नावाचं किराणा दुकान उघडलं. तोवर तिथंही नोकरच माल काढून द्यायचे. सॉन्डर्सनं गिऱ्हाइकाला आत सोडलं. पण नुसतं सोडलं नाही. आत जायला फिरतं फाटक, पुढं एकच वळणावळणाची वाट, ती सगळ्या फळ्यांसमोरून जाणार, आणि शेवटी पैसे देण्याच्या जागेवरूनच बाहेर पडायचं. या मांडणीचं त्यानं १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. नोकरांचा पगार वाचवायचा आणि विक्री वाढवायची, हा त्याचा हिशेब. पण काउंटर काढल्यावर त्याचं राखणीचं काम कुणीतरी केलं पाहिजे, हेही त्याला कळलेलं होतं. ते काम त्यानं वाटेवर सोपवलं. आमच्यासारख्यांनी त्याच्या फळ्या तेवढ्या घेतल्या आणि वाट विसरलो.

भावानं पुण्याहून सात फूट उंचीचे रॅक आणले. माल जास्त मावावा म्हणून तीन ओळी उभ्या केल्या. गल्ला सगळ्यात आत, जिथं अब्बांची गादी होती तिथंच. जागा शुभ म्हणून हलवली नाही. दाराशी कुणी नाही. मागच्या कोपऱ्यात उजेड कमी, तिथं सौंदर्यप्रसाधनं, कारण तो कोपरा भावाला ‘निवांत’ वाटला.

पहिल्या वर्षाची मोजदाद केली तेव्हा वही आणि माल जुळेना. दाढीची महागडी ब्लेडं, लहान अत्तरं, लिपस्टिक, केसांचा रंग, चॉकलेटं, बाळाच्या दुधाचे डबे कमी. टोपल्या, बादल्या, रांगोळीचे डबे मात्र जागच्या जागी. पुढं मला कळलं की यावर जगात अभ्यास झालेला आहे. रोनाल्ड क्लार्क नावाच्या अभ्यासकानं १९९९ मध्ये लिहिलं की, चोरीला जाणाऱ्या वस्तूत काही गुण असतात: ती लपवता येते, सहज उचलता येते, हाताशी असते, किमती असते, हवीशी असते आणि पुढं सहज विकता येते. आमच्या गायब झालेल्या मालाची यादी त्यानंच लिहून द्यावी इतकी ती जुळते. आणि अशी प्रत्येक वस्तू आम्ही गल्ल्यापासून सर्वांत लांब, अंधारात ठेवली होती.

तेव्हा मात्र हे सुचलं नाही. तूट आली म्हणजे चोर आला, आणि चोर म्हणजे माणूस, तेव्हा तो शोधायचा, एवढंच सुचलं. चार कॅमेरे बसवले. त्यांचा पडदा गल्ल्याखाली, फक्त आम्हाला दिसेल असा. म्हणजे ज्याला धाक वाटायला हवा त्याला पत्ताच नाही, आणि आम्ही चोरी झाल्यावर ती पुन्हा पुन्हा बघत बसायचो. पडद्यावर डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसायचा. ‘चोरी करताना आढळल्यास पोलिसांत देण्यात येईल’ अशी लाल अक्षरांत पाटी लावली. भावानं तर कुठंसं ऐकलं की नुसत्या डोळ्यांच्या चित्रानंही माणूस प्रामाणिक वागतो. तसा एक प्रयोग इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात झाला होता खरा; २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चहाचे पैसे आपणहून डब्यात टाकायचे, तिथं फुलांच्या चित्राऐवजी डोळ्यांचं चित्र लावलं की जास्त पैसे जमायचे. पुढच्या प्रयोगांतून मात्र सगळीकडं तोच अनुभव आला नाही. आमच्या दुकानात टपोऱ्या डोळ्यांच्या एका नटीचं कॅलेंडर लागलं, आणि महिन्याभरात तिच्या बरोबर खालची काजळं गेली.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर मी आज बोलायला आलो.

२०१३ च्या उन्हाळ्यात, सकाळी, पारधी समाजातली एक बाई दुकानात आली. कडेवर मूल, खांद्याला झोळी. मी गल्ला सोडून तिच्या मागं मागं फिरलो. ती थांबली की थांबायचो, ती वळली की फळी पुसल्यासारखं करायचो. तिनं एक साबण घेतला आणि गल्ल्याशी आली. मी म्हणालो, “झोळी दाखव.” तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी पुन्हा म्हणालो. तिनं झोळी काउंटरवर उपडी केली. एक स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, बाळाच्या औषधाची बाटली, सरकारी दवाखान्याचा कागद. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. कुणी काही बोललं नाही. तिनं सगळं परत भरलं, साबणाचे पैसे मोजून ठेवले आणि गेली.

त्या चार-पाच जणांत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची बायको होती. तिच्या खांद्याला झोळीच्या दुप्पट पर्स होती. तिला मी ‘पर्स दाखव’ म्हटलं असतं का? ‘दाखवा’ म्हणण्याचीसुद्धा माझी छाती झाली नसती. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जन्मावरून जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बार्शीतल्या माझ्या दुकानात तो २०१३ मध्ये चालू होता, आणि चालवणारा माणूस कवी होता. शिवाय तो बेकायदाही वागत होता. दुकानदाराला गिऱ्हाइकाची जबरदस्तीनं झडती घेण्याचा अधिकार नाही. संशय असेल तर पोलीस बोलवावेत. त्यांनीही बाईची झडती बाईकडूनच, मर्यादा सांभाळून घ्यायची असते.

हे शहाणपण तेव्हा लगेच आलं असं समजू नका. दोन महिन्यांनी भाचीच्या लग्नाचे कपडे घ्यायला आम्ही पुण्यात एका मोठ्या दुकानात गेलो. माझी बायको बुरखा घालते. आत शिरल्यापासून एक सुरक्षारक्षक मुलगी तिच्या मागं. साड्यांपाशी गेलो, ती आली. मुलांच्या कपड्यांपाशी गेलो, तिथंही आली. बाहेर पडताना बिलावर शिक्का मारून झालेला असूनही पिशव्या पुन्हा उघडायला लावल्या. आमच्या पुढच्यांना तसंच जाऊ दिलं होतं. मी तावातावानं बोलायला लागलो, बायकोनं हाताला धरून बाहेर आणलं. एसटीत बसल्यावर मी अजून धुमसत होतो. आमच्या घरात दखनी बोलतात, तिचं वाक्य मराठीत सांगतो. ती म्हणाली, “त्या बाईनं तर एक शब्दही काढला नाही.” पुढं बार्शीपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो.

दुकान सुधारलं ते पुढच्या वर्षी, रमजान ईदला बहिणीचा मुलगा आला तेव्हा. तो पुण्यात एका कपड्यांच्या मॉलमध्ये मजला सांभाळायचा. शिरखुर्मा झाल्यावर दुकान बघायला आला. त्यानं चोराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला गल्ल्यावर बसवलं आणि म्हणाला, “मामू, इथून तुम्हाला काय काय दिसतं ते सांगा.” मी सांगायला लागलो: पहिला रॅक, आणि... पहिला रॅकच. मग तो सौंदर्यप्रसाधनांच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, “आता मी कुठं आहे?”

गल्ला शुभ जागेवरून उठला आणि दाराशी आडवा लागला, म्हणजे येणारा आणि जाणारा दोघंही समोरून जातील. मधले रॅक कापून साडेचार फुटांचे केले. आता उभ्या माणसाचा चेहरा दुकानात कुठूनही दिसतो. उंच रॅक भिंतीला गेले. मागच्या कोपऱ्यात दोन ट्यूब लागल्या आणि छताच्या कडेला मोठा बहिर्गोल आरसा. ब्लेडं, अत्तरं, लिपस्टिक गल्ल्याशेजारी आली. दुधाचे डबे आठऐवजी तीनच मांडायचे, बाकी आत. एक उचलला तरी खाच दिसते. माल नेहमी पुढं ओढून, तोंडं सरळ करून लावायचा. भाच्याचं म्हणणं, दुकान विस्कटलेलं असलं की इथं कुणाचं लक्ष नाही असं येणाऱ्याला आपोआप कळतं. कॅमेऱ्याचा पडदा काढून दाराशी लावला, आत येणाऱ्याला आपलाच चेहरा दिसेल असा. बायका त्यात बघून केस सारखे करतात. लाल पाटी काढून टाकली. तिनं चोर कधी घाबरला नव्हता, चांगल्या माणसांना मात्र आल्याआल्या टोचत होती.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. सॅनिटरी पॅडही समोर, गल्ल्याच्या नजरेत आणावेत, असं भाच्याचं मत. माझी बायको म्हणाली, मुळीच नाही. मुलींना ते निवांतपणे घेता यावेत म्हणून तर काउंटर मोडल्याचा फायदा. तिचं ऐकलं. ते पॅड आजही मागच्या बाजूला, आरशात न दिसणाऱ्या फळीवर आहेत. वर्षाकाठी दोन-चार पाकिटं कमी भरतात. भरू देत. दुकानात एखादी जागा अशीही लागते, जिथं कुणी बघत नाही.

आणि शेवटचं, भाच्यानं कामावरच्या मुलीला शिकवलेलं: कुणीही आत आलं की त्याच्याकडं बघून ‘या’ म्हणायचं, आणि कुणी एखाद्या फळीपाशी बराच वेळ थांबलं की जाऊन विचारायचं, “काही शोधून देऊ का?” ज्याला खरंच काही हवं असतं त्याला बरं वाटतं. ज्याच्या मनात दुसरं काही असतं त्याला कळतं, आपण दिसलो. मी भाच्याला म्हणालो, अरे, हे तर तुझ्या नानांचं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. त्याला हे कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. मराठीत आपण ‘लक्ष ठेवणं’ म्हणतो आणि ‘लक्ष देणं’ म्हणतो. एका क्रियापदाचाच फरक. त्या बाईच्या मागं फिरताना मी लक्ष ठेवत होतो. अब्बा येईल त्याला लक्ष देत होते, आणि त्यात राखणही होऊन जात होती. मात्र ते सगळ्यांना सारखं दिलं पाहिजे. निवडक लोकांना ‘शोधून देऊ का’ विचारलं, तर ती नुसती गोड बोलीतली झडती झाली.

मोठ्या दुकानांत तुम्ही दारातल्या त्या दोन खांबांमधून जाता, त्यांच्याविषयी दोन शब्द. कपड्याला कडक बिल्ला लावलेला असतो, त्यात एका प्रकारात धातूची पातळ पट्टी असते. खांब सेकंदाला ५८ हजार कंपनांचा इशारा पाठवतो आणि क्षणभर गप्प बसतो. सतारीची मुख्य तार छेडल्यावर तरफेची तार आपोआप झणकारते, तशी ती पट्टी झणकारत राहते आणि खांबाला ते ऐकू येतं. मला ही कल्पना फार आवडते. पण गल्ल्यावरची मुलगी बिल्ला काढायला विसरली तरी खांब ओरडतोच, आणि सगळं दुकान त्या गिऱ्हाइकाकडं वळून बघतं. अशा वेळी दाराशी उभ्या माणसाचं पहिलं वाक्य काय असावं, हे ठरवणंही यंत्र बसवण्याइतकंच महत्त्वाचं. “माफ करा, आमच्याकडून बिल्ला काढायचा राहिला वाटतं.” बस्स.

दुसरं टोक म्हणजे सगळं कुलपात ठेवणं. अमेरिकेत अलीकडं औषधांच्या मोठ्या दुकानांनी टूथपेस्ट, साबणसुद्धा काचेच्या कपाटात बंद केले. बटण दाबायचं, नोकर किल्ली घेऊन येईपर्यंत थांबायचं. वॉलग्रीन्स या कंपनीच्या प्रमुखांनीच जानेवारी २०२५ मध्ये कबूल केलं की वस्तू कुलपात ठेवली की ती तितकीशी विकलीही जात नाही. म्हणजे शंभर वर्षांनी काउंटर परत आला, पण ‘या’ म्हणणारा आला नाही.

आमची तूट गेली का? बरीच गेली, सगळी नाही. पण दर गुरुवारी दहा-दहा वस्तू मोजायला लागल्यावर जे कळलं, त्यानं मला खाली बघायला लावलं. त्या पहिल्या वर्षीची सगळी घट गिऱ्हाइकांनी केलेली नव्हतीच. खोकी न मोजता उतरवून घेतली होती, त्यात माल कमी यायचा. मुदत संपलेला माल फेकला, तो वहीतून वजा केला नव्हता. दोन साबणांचं बिल एकाचं व्हायचं, घाईच्या वेळी, माझ्याच हातून. आणि कामावरचा एक मुलगा होता, त्याचं नाव मी कधी घेणार नाही. मोठ्या दुकानांचंही फार वेगळं नसतं. २०११ मध्ये त्रेचाळीस देशांतल्या दुकानांची पाहणी झाली होती, त्यात विक्रीच्या मानानं सर्वांत जास्त घट भारताची निघाली, २.३८ टक्के. पण त्या आकड्यातही गिऱ्हाइकाबरोबर नोकर, पुरवठादार आणि कागदातल्या चुका, सगळेच होते. आम्ही झोळी तेवढी तपासली.

चोरी करणारे भेटतातही. गेल्या जूनमध्ये एका शाळकरी पोरानं कंपासपेटी शर्टात सरकवली, आरशात स्पष्ट दिसलं. दाराशी आला तेव्हा मी म्हणालो, “बिल करायचं राहिलं का रे?” त्यानं पेटी काढून ठेवली, कानापर्यंत लाल झाला. “उद्या पैसे आणतो,” म्हणाला. मी पेटी त्याला दिली नाही, पण वहीत त्याचं नाव लिहून बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी सुटे पैसे घेऊन आला. सगळेच येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, चोरी पाच हजारांच्या आतली असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे कायद्यानंही परतीची वाट ठेवली. दुकानाच्या दारात ती ठेवायला एक वाक्य पुरतं, फक्त ते आवाज न चढवता म्हणता आलं पाहिजे.

त्या बाई मात्र त्यानंतर आमच्या दुकानात आल्या नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी पेठेत दिसतात. कडेवरचं ते मूल आता त्यांच्या खांद्याला लागतं. एकदा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ‘या’ म्हणालो. त्यांनी ऐकलं असावं. आमच्या समोर एक जुनं दुकान आहे, लाकडी काउंटरचं, अजून मागून घ्यावं लागतं तसलं. त्या तिथं गेल्या, पायरीवर उभ्या राहिल्या आणि साबण मागितला.